मागच्या बाल्कनीतला दयाळ

तिसऱ्या मजल्यावर आमचे दोन फ्लॅट, दारं समोरासमोर. एक आमचा, रस्त्याकडचा. दुसरा माझ्या थोरल्या जावेचा, मागच्या बाजूचा. मधे चार पावलांचा पॅसेज. त्या चार पावलांत मी गेली काही वर्षं जळते आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

नौपाड्यात ही इमारत बांधून होत होती तेव्हा दोघा भावांनी एकाच मजल्यावर बुकिंग केलं. कुणी कुठला घ्यायचा हे ठरायचं होतं. थोरल्या जावेला मी वहिनी म्हणते. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही धाकटे, आधी तुम्ही निवडा." मी क्षणभरही विचार केला नाही. रस्त्याकडचा घेतला. रोडफेसिंग हा तेव्हा मोठा मानाचा शब्द होता. गॅलरीत उभं राहिलं की गणपतीची मिरवणूक दिसणार, नवरात्रात टेंभी नाक्याकडे नटूनथटून निघालेल्या बायका दिसणार, घरी आलेला पाहुणा म्हणणार, वा, काय मोक्याची जागा आहे. मागे काय होतं? एक बुजवलेली विहीर, एक जांभूळ, शेवाळ धरलेली पडकी भिंत आणि डास. वहिनींनी न बोलता मागची चावी घेतली. मला त्यांची कीव आली होती, तेही सांगते.

तेव्हा मी डोंबिवलीच्या एका शाळेत संगीत शिकवत होते. दिवसभर बाहेर. रस्ता मला फक्त संध्याकाळचा आणि रविवारचा ठाऊक होता. निवृत्त झाले आणि पहिल्या सोमवारी सकाळी पेटी काढून बसले, तेव्हा कळलं की मी कुठे राहते. रिक्षा, बस, हॉर्न, सिग्नलला खोळंबलेल्या दुचाक्या, खालच्या दुकानाचा जनरेटर. त्यात पुढे मेट्रोचं काम निघालं आणि शेजारची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. काँक्रीट फोडायचं मशीन सुरू झालं की पेटीच्या पट्ट्या बोटांखाली नुसत्या थरथरत. खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामाघूम होऊन मी सा लावायची, आणि समोरच्या दाराआड वहिनी मजेत जांभळाच्या सावलीत भाजी निवडत बसलेल्या असायच्या.

आवाजाने नुसती माझीच पंचाईत झाली असती तर मी गप्प बसले असते. पण मला ऐकायची सवय. पंचवीस-तीस पोरांच्या वर्गात कोण बेसूर आहे ते डोळे मिटून सांगणारी बाई मी. मला कळत गेलं की आमच्या बाजूचे पक्षी एकेक करून उठून गेले. आधी बुलबुल गेला. मग शिंपी गेला, तो एकच सूर सारखा घोळवत बसणारा. रस्त्याकडेच्या सोनमोहरावर आता फक्त कावळे आणि कबुतरं. त्यांना कशाचंच काही वाटत नाही.

आणि पक्षी गेले म्हणून झाडंही कशी वांझ होतात, ते मी माझ्या गॅलरीत पाहिलं. दोघींनी एकाच पुडीतल्या कारल्याच्या बिया लावल्या होत्या. माझा वेल चांगला ग्रिलभर चढला, पिवळी फुलं आली, गळली. फळ नाही. मी रंगाच्या ब्रशने या फुलातले परागकण त्या फुलाला लावत बसायची. वहिनींच्या वेलाला मधमाश्या आपल्या आपण यायच्या. त्यांच्या जास्वंदीवर शिंजीर लटकायचा. बुलबुलांनी जांभळं, तुती, कसली कसली फळं खाऊन विष्ठा टाकली की पडक्या भिंतीतून, विहिरीच्या कठड्यातून नवी रोपं उगवायची. आमच्या बाजूच्या भिंतीत कधी एक पिंपळसुद्धा उगवला नाही. उन्हामुळे असेल, धुळीमुळे असेल, पण माझं मत पक्कं झालं होतं, हा आवाज आहे. जिथे बसून एकमेकांना हाक ऐकू येत नाही तिथे कोण पाखरू बसणार आणि काय पेरणार?

कोपरीहून एक कोळीण मासे घेऊन येते, दोन पिढ्यांची ओळख. तीसुद्धा आधी वहिनींच्या दारात टोपली उतरवते, माझ्या नाही. एकदा पॅसेजमध्ये बसून बोंबील मोजून देताना ती म्हणाली, तिचा बाप होडीतून वल्हं पाण्यात सोडायचा आणि त्याच्या दांड्याला कान लावून खाली मासा आहे का ते ऐकायचा. मासे कुरकुरतात म्हणे. मी विचारलं, "आता कोणी ऐकतं का तसं?"

"आता मासा नाय आयकाला येत बाय," ती म्हणाली, "निस्ता इंजानच आयकाला येतंय."

वहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्या नुसत्या हसल्या. मला वाटलं, यांना काय त्याचं, यांना सगळं ऐकू येतं.

माझ्या जळण्याचं खरं कारण कारली नव्हती. दयाळ होता. काळापांढरा, शेपूट वर करून तोऱ्यात बसणारा. फेब्रुवारी संपत आला की तो जांभळाच्या शेंड्यावर येऊन गायला लागायचा. काय गायचा! शिट्टीतून शिट्टी काढायचा, मधेच दुसऱ्याच पक्ष्याची नक्कल करायचा, थांबायचा, पुन्हा नवं काहीतरी. माझ्या पेटीच्या शेवटच्या पट्टीच्याही पलीकडून त्याचं गाणं सुरू व्हायचं. आमच्या बाजूला त्यातलं काहीच पोचायचं नाही. जिन्यावरच्या खिडकीपाशी उभं राहिलं तर एखादा तुकडा कानावर यायचा, तोही वरचा.

वहिनी रोज सकाळी दार वाजवायच्या. "ये गं चहाला. आलाय तो. काय म्हणतोय ते सांग."

मला वाटायचं, या मला खिजवायला बोलावतात. काय म्हणतोय ते सांग, म्हणे. म्हणजे तुमच्या घरचा गवई आणि मी त्याच्या गाण्याची तारीफ करायला यायचं. मी दहांतून दोनदा जायची. गेले तरी पाहायची की यांना त्या शांततेची काही किंमतच नाही. भाजी चिरताना टीव्ही मोठ्याने लावलेला. फोनवर बोलताना आवाज चढवून बोलायच्या. मोठे दीर गेल्यापासून घरात एकट्याच, मुलगी लग्न होऊन नाशिकला, तरी आवाज सात माणसांच्या घरासारखा. ज्याला दात आहेत त्याला चणे आवडत नाहीत असला हा प्रकार, असं मी मनात म्हणायची. दयाळाबद्दल बोलायच्या तेही कसं, तर "आज शेपूट बघ कशी नाचवतोय", "चोच केवढी उघडतो गं तो". गाण्याबद्दल अवाक्षर नाही. मला वाटायचं, रसिकतेचा पत्ता नाही आणि नशीब बघा.

यंदा एप्रिलमध्ये दयाळाच्या मादीने पडक्या भिंतीतल्या जुन्या पाइपाच्या तोंडात घरटं केलं. विहिरीवर पूर्वी पंप होता, त्याचा तो पाइप, आत चिखलाने बुजलेला, जेमतेम वीतभर खोल. वहिनींना घरट्याचं भारी कौतुक. मादी काड्या नेते, मुळं नेते, नर भिंतीवर पहारा देतो. एकदा कावळा भिंतीवर उतरला तर नर सरळ त्याच्या डोक्यावर गेला. वहिनी हात वर करून करून सांगत होत्या. मी चहाचा कप घेऊन उभी होते. दयाळ शेंड्यावर गात होता. वहिनी दूध उतू जातं म्हणून आत गेल्या आणि मी मोबाइल काढून त्याचं गाणं रेकॉर्ड केलं. चोरून. त्या परत आल्या तेव्हा मोबाइल पर्समध्ये होता.

रियाजाला तानपुरा लावायचा म्हणून माझ्याकडे एक छोटा स्पीकर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो गॅलरीत ग्रिलजवळ ठेवला, कारल्याच्या पानांत, आणि दयाळाचं गाणं सोडलं. रस्त्याच्या वर ऐकू जावं म्हणून आवाज पूर्ण वर केला.

पंधरा मिनिटांत तो आला.

मला अजून आठवतं. तो टीव्हीच्या डिशच्या कडेवर बसला, माझ्यापासून दोन हातांवर, शेपूट फुलवली, मान ताणली आणि गायला लागला. खाली बस उभी होती, कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसला होता, आणि त्या सगळ्याच्या वर तो गात होता. मी पदराने डोळे टिपले. माझ्या घरी आला. मी त्याला आणला. समोरच्या दाराकडे बघून मी मनात म्हटलंसुद्धा, आता बोलवा चहाला.

मग मी रोज लावायला लागले. सकाळी लावायची, दुपारी लावायची. तो यायचाच. तासन् तास राहायचा. ग्रिलवरून डिशवर, डिशवरून कारल्याच्या वेलावर, पुन्हा ग्रिलवर. कधी पानांत घुसून स्पीकरवर चोच मारायचा. मला वाटायचं, किती धीट झालाय. एकदा नवरा पेपर बाजूला ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "तो गातोय की शिव्या देतोय?"

"तुम्हाला गाण्यातलं काय कळतं?" मी म्हटलं.

पण मला कळत होतं, हे मी आज लिहिते. दोन गवयांची बारी लागते तेव्हा कसं गातात, ते मी ऐकलेलं आहे. तान अर्धी तोडायची, समोरच्याला दम घेऊ द्यायचा नाही, वरचढ व्हायचं. तो तसं गात होता. त्याला वाटत होतं की त्याच्या हद्दीत दुसरा नर येऊन बसला आहे. दिसत नाही, हटत नाही, दमत नाही. आणि खालचे सूर रस्ता गिळून टाकत होता म्हणून तो वरचेच लावत होता, आणखी वर, गळा ताणून. असं गाणाऱ्या मुलीला मी वर्गात ताबडतोब थांबवलं असतं. त्याला मात्र मी पुन्हा पुन्हा सुरुवातीपासून लावायची.

वहिनींना मी मुद्दाम सांगितलं. "माझ्याकडेही येतो हं आता दयाळ. रोज येतो."

त्यांचा चेहरा उतरेल म्हणून मी बघत होते. त्या म्हणाल्या, "होय? बरं झालं बाई. तुला ऐकायला मिळतो."

त्या बोलण्यातही मला टोमणा दिसला. काय सांगू.

पिल्लं निघाली तेव्हा वहिनींनी दार वाजवून सांगितलं. तीन चोची दिसतात म्हणाल्या. मी बघायला गेले नाही. माझा गवई माझ्या ग्रिलवर बसला होता. त्यानंतर पाचएक दिवसांनी त्यांनी पुन्हा दार वाजवलं, सकाळी नऊच्या सुमारास. मी उघडलं तर हातात स्टीलची ताटली आणि चमचा, साडीचा पदर कमरेला खोचलेला, श्वास लागलेला.

"कावळ्याने नेली गं," त्या म्हणाल्या. "दोन नेली माझ्यासमोर. पाइपाच्या तोंडाशी बसून एकेक ओढून काढलं. मी ताटली वाजवली, ओरडले, वरून बटाटा फेकून मारला. हलला नाही. आपल्या इथल्या कावळ्याला आवाजाचं कसलं भय? ती बिचारी एकटी त्याच्या अंगावर जात होती. नर कुठे होता कोण जाणे. एवढा पहारा देणारा, नेमका दिसलाच नाही."

माझ्या पाठीमागे, हॉलच्या पलीकडे, गॅलरीत स्पीकर चालू होता. नर कुठे होता ते मला माहीत होतं. तो पानांतल्या डब्याशी भांडत होता.

मी दार लोटून आत आले आणि स्पीकर बंद केला. तो ग्रिलवर तसाच बसून राहिला. डोकं तिरकं करून पानांत बघत राहिला. मी हाताने हुसकलं तरी दोन मिनिटांत परत. तिसरं पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं. मादी चोचीत अळी धरून पाइपासमोर बराच वेळ बसली होती, असं वहिनींनी सांगितलं. आणि माझा गवई पुढचे चार दिवस रोज सकाळी माझ्या गॅलरीत येत राहिला, त्या दुसऱ्या नराला शोधायला. गाणं बंद होतं तरी येत राहिला. मी गॅलरीचं दार लावून आत बसायची.

पाचव्या दिवशी मी स्वतः वहिनींचं दार वाजवलं. त्यांनी मागच्या बाल्कनीत खुर्च्या टाकल्या, चहा आणला. शेजारच्या इमारतीचं मशीन जेवणाच्या सुट्टीमुळे थांबलं होतं. भिंतीतला पाइप समोर दिसत होता, त्यातून दोन सुक्या काड्या बाहेर लोंबत होत्या. जांभळाच्या शेंड्यावर दयाळ येऊन बसला आणि त्याने सुरुवात केली.

मी मान खाली घालून म्हटलं, "वहिनी, हे माझ्यामुळे झालं."

त्या झाडाकडे बघत होत्या. "चोच उघडली बघ," त्या म्हणाल्या. "म्हणतोय ना गं तो?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. तो भरउन्हात, मोकळ्यावर, ठणठणीत गात होता.

"तुम्हाला ऐकू येत नाही?"

"काय?"

"तो ऐकू येत नाही तुम्हाला?"

"छे गं. दोन वर्षं झाली. वरचे आवाज गेले माझे. तुझे भावोजी होते तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, कारखान्यात गेलेत कान." वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात वहिनींनी बावीस वर्षं प्रेस मशीनच्या शेजारी काढली, हे मला माहीत होतं. त्याचा कानाशी संबंध मी कधी लावला नव्हता. "म्हणून तर मागची बाजू पथ्यावर पडली बघ. तुम्ही पुढची घेतलीत तेव्हा मी देवाला हात जोडले होते. तेव्हा रोज संध्याकाळी डोकं नुसतं घणघणायचं. आधी हा थोडा थोडा ऐकू यायचा. आता नुसतं वरचंच गातो की काय कोण जाणे, नुसती चोच दिसते. म्हणून तुला बोलवायचे. म्हटलं, तुझा कान चांगला, तू सांगशील काय म्हणतोय ते. पण तुला वेळ नसायचा."

दयाळ गातच होता. मी एकदा बोललेलं त्यांना ऐकू गेलेलं नव्हतं. चहा पिऊन उठता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं.

मी खुर्ची पुढे ओढली आणि मोठ्याने, वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत पोचावं अशा आवाजात सांगितलं. रेकॉर्ड केलेलं, स्पीकर, ग्रिल, कावळा आला तेव्हा तो कुठे होता ते. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली. मी थांबले नाही. तुमचा हेवा वाटत होता म्हणून केलं, हेही ओरडूनच सांगावं लागलं.

वहिनींनी एकदा पाइपाकडे पाहिलं. मग कपबश्या उचलून आत गेल्या. भांडी घासल्याचा आवाज आला, गरजेपेक्षा जास्त वेळ. परत आल्या तेव्हा हात पुसत म्हणाल्या, "मोबाइलमध्ये आहे ना ते अजून? लाव माझ्या कानाशी."

"नको. तो येईल अंगावर."

त्यांनी शेंड्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "मग तू म्हण."

मी त्याचं गाणं कितीतरी सप्तकं खाली आणलं, माझ्या गळ्याला पेलेल आणि त्यांच्या कानाला पोचेल इतकं, आणि म्हटलं. कानामागे तळहात धरून त्या ऐकत होत्या. मी थांबले तर म्हणाल्या, "आणि ते खालचं?"

"कुठलं खालचं?"

"शेवटी खाली उतरायचा की. जांभूळ पिकायच्या दिवसांत रोज म्हणायचा. ही बाजूची तोडफोड सुरू व्हायच्या आधी."

माझ्या मोबाइलमध्ये ते नव्हतं. माझ्या कानांतही नव्हतं. मशीन सुरू झाल्यापासून तो तेवढं म्हणायचं सोडून बसला असावा, आणि त्याआधी रोज दार वाजत होतं तेव्हा मी क्वचितच आले, आणि आले तरी नीट ऐकलं नव्हतं. सबंध गाणं ऐकलेलं माणूस आमच्या मजल्यावर एकच होतं.

"तुम्ही म्हणून दाखवा," मी म्हटलं.

वहिनी जन्मात गायलेल्या नव्हत्या. आरतीलासुद्धा नुसत्या टाळ्या वाजवतात. लाजल्या, घसा खाकरला आणि डोळे मिटून त्यांनी तो तुकडा म्हटला. चार सुरांचा असेल, हळूच खाली उतरणारा. दोन सूर चुकले. ते कुठे असायला हवे होते ते मला कळत होतं आणि तरी तो मूळचा कसा असेल ते कधीच कळणार नव्हतं. मी दुरुस्त केलं नाही. हेवा तेव्हाही वाटला, पहिल्यापेक्षा जास्त वाटला. मी म्हटलं, "पुन्हा म्हणा." त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मोठ्याने म्हटलं.